चक्क्याचा केक

केक तोंडाला फासणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अगदी तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, तो काय हळदीचा कार्यक्रम आहे का? मी ओट्याशी उभं राहून थर लावायचे, कडा गुळगुळीत करायच्या, आणि मेणबत्ती विझली रे विझली की कुणीतरी मूठभर क्रीम उचलून वाढदिवस असलेल्याच्या गालाला चोपडायचं. वर सगळे खिदळणार, फोटो काढणार. अन्नाची ही मस्करी मला बघवत नाही.

मी नवसा. नवसाने झाले म्हणून नवसा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा नवरा संतोष अंबडला एका कंपनीत फिटर आहे, आम्ही तिथेच राहतो. अंबडमध्ये नवसाताईचे केक कुठे मिळतात म्हणून कुणालाही विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. फुशारकी म्हणा हवं तर. स्वतःच्या हातांनी उभं केलंय, मग फुशारकी काय शेजारणीने मारायची?

पण एका माणसाने माझ्या केकचा एक तुकडाही कधी संपवला नव्हता. तो माणूस म्हणजे माझे वडील, केरूनाना. ते ओझरजवळ आमच्या गावी राहतात. म्हशी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुधात, दह्यात, लोण्यात त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय. मी केक नेला की नाना एक घास तोंडात घालायचे, टाळूवरून जीभ फिरवायचे आणि बाकीची प्लेट हळूच खाटेखाली सरकवायचे. "चिकाटतंय गं टाळूला," म्हणायचे. "दाढीचा साबण हाय नुसता."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा पारावर त्यांचे जुने दोस्त गोटीरामकाका यांनी विचारलं, "नवसा काय करती हल्ली?" मी डबा घेऊन मागून येतच होते. नाना म्हणाले, "काय करती? फेस विकती." दोघं खो खो हसले. मला मात्र रडू फुटायचं बाकी राहिलं. सगळं अंबड एका बाजूला आणि नानांचा तो एक शब्द एका बाजूला.

आणि खरं सांगू? नानांची जीभ खोटं बोलत नव्हती. समारंभाच्या प्लेटा मीही बघत होतेच की. लोक स्पंज खातात आणि पांढरं क्रीम काठाला लोटून ठेवतात. ते पाकिटातलं तेलकट क्रीम. उभं छान राहतं, तोंडात मात्र विरघळत नाही. जे खाववत नाही ते माणसं फासणारच.

त्यातच मागच्या वर्षी नानांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तुपकट-तेलकट बंद केलं. आणि या माघात त्यांची पंचाहत्तरी आली. माझा भाऊ सोमनाथ, गावाकडचा कारभार तोच बघतो, त्याचा फोन आला.

"ताई, तीन मजली केक पाहिजे. क्रीम भरपूर लाव. वर फुलं, मोती, सगळं. अख्खं गाव येणारे."

"नाना खातील असा करणार आहे मी," मी म्हटलं. "हलका. क्रीमचा लेप नाही लावायचा."

"म्हणजे उघडा? अगं, लोक म्हणतील, सोमनाथनं बापाच्या पंचाहत्तरीला हात आखडता घेतला. आणि मग आम्ही फासायचं काय?"

"तुझं थोबाड फासून घे चुलीच्या राखेने," म्हणून मी फोन आपटला. आता मोबाइल आपटता येत नाही, पण बटण मी रागानेच दाबलं.

मनाशी मात्र ठरलं. नानांनी एक तुकडा, पूर्ण, शेवटच्या कणापर्यंत खायचा. तो खाल्ला नाही तर मी जन्मभर फेसच विकते म्हणायचं.

पण क्रीम नाही तर थरांच्या मध्ये घालायचं काय? बटरचं करून पाहिलं. सुंदर दिसलं, पण एका चमच्यातच तोंड तुपकट झालं. नानांच्या पोटाला ते विषच. मग कस्टर्ड केलं. त्याला अंडं-पिठाचा वास, आणि नाना वासाला आधी पकडतात. फळांचा मुरांबा घातला तर स्पंज ओला गच्च. संतोष बिचारा रोज कामावरून यायचा आणि जेवणाआधी केक चाखायचा. "चांगलाय की," म्हणायचा. त्याला सगळंच चांगलं लागतं, त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी फ्रिज उघडून उभी होते, तर समोर दह्याची पातेली. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चक्का! दही टांगून पाणी काढलं की उरतो तो. पांढराशुभ्र, जिभेला आंबटगोड, टाळूला न चिकटणारा. अगं बाई, आयुष्यभर दसऱ्याला करत आले आणि केकला आठवला नाही!

उत्साहाच्या भरात हात मात्र सवयीने चालला. चक्क्यात साखर घातली, वेलची घातली, पुरणयंत्रातून फिरवला, नेहमी श्रीखंडाला करतो तसा. चव अशी की वाटीच चाटावी. थर लावले, केक फ्रिजमध्ये ठेवला आणि खुशीत भाजी निवडायला बसले. थोड्या वेळाने दार उघडते तर काय, वरचा थर घसरून फ्रिजच्या भिंतीला टेकलेला आणि चक्का वाहत खालच्या कोथिंबिरीपर्यंत पोचलेला. साखर घातली की चक्का सैल पडतो, हे आपल्याकडच्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. श्रीखंड वाटीत असतं म्हणून चालतं, केकला वाटी कुठली? कपाळाला हात लावून मी तिथेच खाली बसले. मग हसू आलं. केकवाल्या नवसाताईने केकमध्ये श्रीखंड भरलं होतं!

दुसऱ्यांदा डोकं ठिकाणावर ठेवलं. दही फडक्यात बांधून आधी टांगलं, मग वर पाट्याचं ओझं ठेवून शेवटचा थेंबसुद्धा काढला. दळलेली साखर घातली, तीही चिमटीने. गोडवा द्राक्षांवर सोपवला. माघात आमच्याकडे द्राक्षांना काय तोटा! अर्धी-अर्धी कापली, पंचाने एकेक कोरडी केली. चक्का हलका व्हावा म्हणून थोडी ताजी साय फेटून अलगद मिसळली, थोडा चक्का मात्र घट्टच बाजूला ठेवला. आणि मग शेतकऱ्याची पोर उपयोगाला आली: थराच्या कडेने घट्ट चक्क्याचा बांध घातला आणि आत साय घातलेला चक्का पसरला. वाफ्यातलं पाणी बांध फोडत नाही, तसा चक्काही जागचा हलला नाही. बाहेरून लेप नाहीच. स्पंज उघडा, मधून पांढऱ्या रेघा, वर द्राक्षं. मी चारी बाजूंनी फिरून बघितला. असा देखणा केक मी त्याआधी केला नव्हता.

पंचाहत्तरीच्या दिवशी केक मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. हायवेला संतोषने एकदा जोरात ब्रेक मारला, तेव्हा त्याला जे ऐकावं लागलं ते इथे नको. बांध मात्र टिकला.

अंगणात मांडव, माणसं दाटलेली. मी डबा उघडला आणि सोमनाथचं तोंड उतरलं. "ताई, हा तर कोराच हे," तो कुजबुजला. आधी औक्षण झालं. मी नानांना ओवाळलं, पंचाहत्तर दिव्यांच्या उजेडात त्यांच्या गालावरच्या सुरकुत्या चमकत होत्या. मग त्यांनी सुरी घेतली, केक कापला आणि मी तुकडा प्लेटमध्ये देऊन समोर उभी राहिले. 

नानांनी घास घेतला. टाळूवरून जीभ फिरवली. मी मनात म्हटलं, आता खाटेखाली. त्यांनी परत जीभ फिरवली. काही सापडलं नाही. मग दुसरा घास घेतला. तिसरा. तेवढ्यात सोमनाथ सवयीने पुढे झाला, केकमध्ये बोटं बुडवली आणि नानांच्या गालाकडे नेली. सगळे मोबाइल वर झाले.

नानांनी त्याचं मनगट हवेतच धरलं. म्हातारपणातही धारा काढणारी पकड ती.

"सोम्या, हात खाली," ते म्हणाले. "खायची वस्तू हाय. माझ्या पोरीनं केलीया."

वर झालेले मोबाइल खाली आले. सोमनाथने ओशाळून स्वतःची बोटं चाटली. आणि चाटताच म्हणाला, "आयला, ताई!"

नानांनी प्लेट संपवली, बोटाने निपटून संपवली. मग हाक मारली, "गोट्या, ये इकडं. बघ माझी नवसा काय करती." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लपवायचं कशाला? गोटीरामकाकांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला, तिसऱ्याला त्यांची बायको ओरडली. रिकाम्या प्लेटा गोळा करताना मी एकेक बघितली. काठाला काही नव्हतं.

मग नानांनी मला जवळ बोलावलं. चेहरा एकदम कडक. "चक्का हाय ना मधी? दही कुठलं?"

"विकतचं, नाना. अंबडच्या डेअरीतलं."

"विकतचं?" नाना असे कडाडले की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. "बापाच्या दावणीला म्हशी असताना माझी पोर विकतचं दही आनती? लाज नाय वाटत?"

इतकी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

निघताना त्यांनी स्वतः दुधाचा कॅन उचलून गाडीपाशी आणला. "सोम्या दर आठवड्याला धाडील. पुढचा केक आपल्या दुधाचा कर," म्हणाले. संतोष म्हणाला, "डिकीत ठेवू या." मी म्हटलं, "गप बसा." जाताना केक धरला होता तसाच कॅन मांडीवर घेतला, आणि अंबडपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले.