तेल सोसणारं रबर

गाडी रडत होती आणि गाव हात जोडून उभं होतं.

थट्टा नाही करत. सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे लोटनबुवाच्या मठापुढे, भाड्याने गाडी चालवणाऱ्या अभिमनची जुनी पांढरी अँबॅसॅडर उभी होती. दोन गडी बंपरवर बसून तिला दाबत होते आणि दर दाबाला पुढच्या चाकाआडून लांबलचक ‘कुंईऽऽ’ निघत होतं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. एक आजोबा कळवळून म्हणाले, “देखा, बिचारी कशी रडस!”

बुवा खाटेवरून उठला. कपाळावर शेंदराचा थापा, हातात पितळी झारी. आरशापाशी तोंड नेऊन त्याने गाडीला विचारलं, “बोल माय, काय दुखस तुले?” मग कान लावून ऐकल्यासारखं केलं, मान डोलवली आणि लोकांकडे वळला. “सांगते आहे! रस्त्यात मेलेला अतृप्त आत्मा हिच्या खांद्यावर बसला आहे. खांदा दुखतो आहे तिचा!”

गाडीला खांदा असतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि आत्म्याचं दुखणं सांगताना बुवा अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत शिरतो, हेही.

झारीतलं काळं तेल त्याने चाकाआड ओतलं. “हे तेल नव्हे, तेज आहे! आत्म्याला चटका बसतो!” पुन्हा बंपर दाबला. आवाज बंद. एकच जयजयकार झाला. मठाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

माझं धुळ्याला आग्रा रोडवर मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सुटीला गावी येतो. मला राहवलं नाही. “बुवा, कोरडं पडलेलं रबर घासलं की कुरकुरतं, तेल घातलं की गप्प बसतं. माझ्या दुकानाच्या दाराची बिजागरीपण तेलाने गप्प बसते. तिच्यातला आत्मा कोणता?”

“ह्या दुकानदाराला बोल्ट दिसतो, देव दिसत नाही!” बुवा म्हणाला. लोक हसले. अभिमनने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. “रुपचंदभाऊ, हात जोडस. मनं पोट शे हाई गाडीवर. तू गप ऱ्हाय.”

मी गप्प राहिलो नाही, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. त्यानंतर दर अमावस्येला गाडी मठापुढे येऊ लागली. तेल पडायचं, आवाज थांबायचा, काही दिवसांनी पुन्हा सुरू व्हायचा. बुवा म्हणायचा, “आत्मा चिवट आहे.” धंदा चिवट होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि गाडीला नवीनच खोड लागली. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची.

गावाबाहेर उतारावर, नाल्याच्या वळणाशी, भागाबाईची झोपडी आहे. बाई विधवा, एकटी. रस्त्याच्या कडेला कडब्याचा आडोसा करून भाजलेल्या शेंगा विकते. त्या वळणावर प्रत्येक गाडी ब्रेक दाबते, म्हणून तर तिने ती जागा धरली. गाडी हळू झाली की शेंगा विकल्या जातात, एवढा साधा हिशोब. एका बाजाराच्या दिवशी अभिमनची गाडी तिथे ब्रेक दाबताच डावीकडे गेली ती थेट आडोशात घुसली. टोपली चेपली. गाडीतल्या एका बाईचं मनगट मोडलं. भागाबाई पाणी आणायला नाल्यात उतरली होती म्हणून वाचली.

ती वाचली कशी, याचा आनंद कोणाला झाला नाही. गाडी तिच्याकडेच का गेली, एवढंच गावाने विचारलं. आणि उत्तर द्यायला लोटनबुवा तयारच होता. “ती ओढते. डाकीण शे ती.”

आमच्याकडे हा शब्द म्हणजे नुसती शिवी नव्हे. तो निकाल असतो. त्या दिवसापासून तिच्या शेंगा कोणी घेईना. झोपडीवर दगड पडले. ती माझ्यापुढे हात पसरून म्हणाली, “भाऊ, मी गाडीले कसाले ओढू? टोपली तर मनीच मोडनी ना!”

एवढी सरळ गोष्ट त्या पोळलेल्या बाईला कळत होती. शहाण्यासुरत्या गावाला कळत नव्हती. पोलीस पाटलाकडे गेलो. ते पान जमवत म्हणाले, “श्रद्धेचा विषय आहे, रुपचंदभाऊ. तुम्ही धुळ्याला असता. आम्हाला इथे राहायचंय.” तिकडे बुवाने जाहीर करून टाकलं की येत्या अमावस्येला झोपडी जाळायची, बाईला वेशीबाहेर काढायचं आणि जागा पवित्र करण्यासाठी मठ तिथे हलवायचा. जागा हायवेला लागून आहे हे सांगायला तो विसरला. मी विसरलो नाही.

अमावस्येला आठवडा होता तेव्हा अभिमन दुकानात आला. गिऱ्हाईक पांगेपर्यंत दाराशीच रेंगाळला, मग हळूच म्हणाला, “भाऊ, पुढच्या आर्मचे बुश दाखव.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढचं चाक गाडीला एका लोखंडी हाताने जोडलेलं असतं, त्याला आर्म म्हणतात. तो जिथे पिनेवर हलतो तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून रबराची जाड नळी बसवतात. तोच बुश. तो गेला की ब्रेक दाबल्यावर चाक आपल्या जागेवरून मागे सरकतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. ह्यात डाकीण कुठेही बसवता येत नाही.

मी काउंटरवर तीन प्रकार मांडले. “हे स्वस्तातलं, पावडरीचं रबर. पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. हे फायबरचं, टणक. टिकेल, पण खडीवर गाडी अशी हादरेल की पाहुणे पुन्हा बसणार नाहीत. आणि हे योग्य मापाचं, चांगलं रबर. हेच घे. दोन्ही बाजूंना.”

“फक्त डाव्या बाजूनं दे.”

“एका पायात नवीन जोडा आणि एका पायात फाटका घालून चालतोस का? दोन्हीकडचे बदल.”

तो तिन्ही बुश उलटेपालटे करत राहिला. मग त्याने जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“भाऊ, यामा तेल सोसी असा कोणता शे?”

“कोणतं तेल?”

“बुवानं. बुवा म्हनस, नवा रबर आठवडाभर तेलमा बुडाडीसन मंग बसाड.”

“जुना बुश आणलायस का मापाला?”

त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेला डाव्या बाजूचा बुश काढला. सोनगीरच्या गॅरेजवाल्याने काढून दिला होता आणि तात्पुरता कुठला तरी जुना ठोकला होता. मी तो हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. रबर भिजल्या मनुक्यासारखं फुगलेलं, पिचपिचीत. नखाने ओरखडलं की काळा चिखल निघत होता. वास घेतला. कापराच्या आडून जळकं इंजिन ऑइल आणि रॉकेल.

“अभिमन, तुझी गाडी भागाबाईने नाही बिघडवली. बुवाने बिघडवली. तेल लोखंडाला द्यायचं. रबराला तेल म्हणजे विष. आवाज थांबायचा तो आत्मा पळाल्यामुळे नाही, रबर ओलं झाल्यामुळे. आणि तेच तेल ते रबर खात होतं. तुझ्या हाताने, दर अमावस्येला, पाया पडून.”

पण तो बोलला काय? “मंग तेलबी चाली आन् रबरबी टिकी, असं काही नही का?”

“नाही! तेलाला साजेसं रबर नसतं निवडायचं, तेल सोडायचं असतं!”

“तेल सोडं तं गाव माले सोडी.”

मी दोन काचेच्या बरण्या घेतल्या. त्याच्याकडे डॅशबोर्डवर ठेवलेली बुवाच्या तेलाची बाटली होतीच. एका बरणीत ते तेल ओतलं, दुसरीत पाणी. एकाच डब्यातले दोन नवे बुश दोन्हींत त्याच्यासमोर टाकले. म्हटलं, “अमावस्येला हे घेऊन येतो. तू फक्त खरं काय ते बोल.” तो बुश न घेताच मान खाली घालून निघून गेला. हो म्हणाला नाही.

अमावस्येला दुपार कलायच्या आत गाव वळणावर जमलं होतं. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. भागाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कोणीतरी तिच्या तोंडावर थुंकलं होतं आणि तिने ते पुसलंही नव्हतं. बुवा झारी घेऊन अभिमनच्या गाडीतूनच उतरला, बसून येण्याइतकी ती त्याच्या हक्काची झाली होती.

मी बरण्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या आणि दोन्ही बुश बाहेर काढले. सोबत आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे बुश बसतो त्या भोकाच्या, मापाचा लोखंडी नळीचा तुकडा आणला होता. पाण्यातला बुश अंगठ्याने दाबला तसा नळीत बसला. तेलातला तोंडाशीच अडला. फुगून टम्म झाला होता. अभिमनची बायको कुंदाबाई पुढे आली, तिने तो हातात घेऊन चिमटीत दाबला. तुकडा निघून तिच्या बोटांना चिकटला.

“हाऊ तं कुजना!” ती म्हणाली.

“सात दिवसांत कुजला,” मी म्हटलं. “बुवाच्या तेजाने.”

“नास्तिकाच्या हातात तीर्थ गेलं की त्याचं विष होतं!” बुवा गरजला.

“बरं. मग माझ्या हाताचं सोडा. ही गाडी भागाबाई ओढते ना? तर ती इथेच थांबू दे, आणि गाडी नेऊ मठापुढे. तिथे ब्रेक दाबू. सरळ थांबली तर मी स्वतः ह्या झोपडीला काडी लावतो.”

बुवाचा आवाज एकदम खाली आला. “आज नको. आज देव निजलेत.”

“इथे बाईचं घर जाळायला जागे आहेत, आणि ब्रेक दाबायला निजलेत?”

सगळे अभिमनकडे बघू लागले. किल्ली त्याच्या हातात. तो हलेना. तेव्हा कुंदाबाई दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. “चला. रोज लोकेसले बसाडतस ना यामा? आज मी बसस. आन् दुकानमा काय देखं ते बठ्ठासले सांगा.”

अभिमनने गाडी वळवली. आम्ही सारे मागोमाग, जवळजवळ पळतच. मठापुढे, बेताच्या वेगात, त्याने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली, मठाच्या कुडात शिरली आणि बुवाची खाट उलटी करून थांबली.

मग त्या ‘बिचारी रडस’ म्हणणाऱ्या आजोबांनीच विचारलं, “आठे कोन ओढस, बुवा? तुमीन तं नही ना?”

हशा उठला. अभिमन खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. तेल, रबर, दुकान, सगळं. शेवटी म्हणाला, “माले आठ दिन पहिले म्हाईत व्हतं. मी भ्यायनू.”

बुवा दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेला. पाचोऱ्याकडे गेला म्हणतात. तिकडेही जुन्या गाड्या आहेत.

पण माझा राग बुवावर संपत नाही. ज्याने रॉकेलचा डबा आणला होता तो हसत हसत डबा घेऊन घरी गेला, जणू रेशनचंच आणलं होतं. थुंकणाऱ्याने मान वर केली नाही. भागाबाईकडे परत जाऊन ‘चुकलं’ म्हणणारा एकही निघाला नाही. अभिमनने दोन्ही बाजूंचे चांगले बुश बसवले. आता गाडी त्या वळणावर ब्रेक दाबला तरी रेषेत थांबते. तो रोज तिथे थांबून शेंगा घेतो. आणि भागाबाई रोज, गाडीचा आवाज ऐकला की, टोपली छातीशी धरून मागे झोपडीच्या भिंतीला जाऊन टेकते.

तिची ही भीती घालवणारा बुश कुठल्या दुकानात मिळतो ते मला माहीत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला हात न जोडता सांगतो. काही बिघडलं तर आधी गाडीखाली वाकून बघा. कोणी म्हणालं अमकीमुळे झालं, तर तिला तिथून दूर ठेवून तीच गोष्ट पुन्हा करून बघा. ह्याला शाळा लागत नाही, धाडस तेवढं लागतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमनसारखे काउंटरवर उभे आहोत, भीतीही राहील आणि गाडीही चालेल असं काहीतरी मागत. तसं काही मिळत नाही.

तेल सोसेल असं रबर शोधू नका. तेल ओतणारा हात धरा.