नदीच्या मधोमध तुटणारा दम

मी होडीचं इंजिन बोलतोय. पटकन ऐका, मला अजिबात धीर नाही! दूध संस्थेच्या पडवीत लाकडी घोड्यावर मला टांगलंय आणि खालच्या पायरीला पुराचं पाणी लागलंय. साल दोन हजार पाच. पूल कालच पाण्याखाली गेला. पलीकडच्या मळ्यात धोंडुबाई अडकली आहे. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणतो. "म्हशी सोडून म्या येत न्हाय," म्हणाली आणि बसली तिथंच. आता यायचं म्हटलं तरी वाट नाही.

मला चालवणारा बाळासो पेट्रोल आणायला गेलाय. तो तिचा पुतण्या. तो येईल, मला होडीला जोडेल, दोरी ओढेल आणि मी एका दणक्यात सुरू होईन. तीच तर भीती आहे! काठावर मी झकास सुरू होईन आणि नदीच्या मधोमध माझा दम तुटेल. गेल्या दसऱ्याला तालमीच्या पोरांनी माझ्या पेट्रोलच्या टाकीला नवा रंग मारलाय, आणि झाकणावरचं हवेचं बारीक भोक त्या रंगाखाली बुजलंय. मला हे ठाऊक आहे, बाळासोला नाही. मी कितीही ओरडलो तरी त्याला नुसती फटफट ऐकू येणार.

त्या भोकापायी मी एकदा भंगारात निघालो होतो. बाळासो येईपर्यंत तेवढं सांगून टाकतो.

माझा जन्म परदेशातला म्हणे. मला आठवतं ते वेंगुर्ल्याचं बंदर. तिथं खाऱ्या पाण्यात मी बरीच वर्षं मासेमारीच्या होडीमागं पळालो. मग मालकानं मोठं इंजिन घेतलं आणि मला विकलं. बाळासो जीप घेऊन आला, आंबोलीचा घाट चढला आणि आजऱ्यात काजूच्या पोत्यांवर मला आडवं टाकून निवांत चहा पीत बसला. मला असं आडवं टाकू नये, आतलं ऑइल नको तिकडं उतरतं. पण सांगणार कोण?

वारणेकाठचं हे गाव. इथल्या बायकांची दूध संस्था, आणि आक्का तिची अध्यक्ष. दूध संघाचा टेम्पो यायचा नदीपलीकडच्या डांबरी रस्त्यावर. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून सायकलीनं कॅन जायचे. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी आलं की बायका गुऱ्हाळातली काहिल, उसाचा रस उकळायची ती भलीमोठी कढई, पाण्यात सोडायच्या आणि तिच्यात कॅन ठेवून पलीकडं न्यायच्या. एकदा ती काहिल कलंडली आणि गावाचं सगळं दूध नदीत गेलं. त्यानंतर बायकांनी होडी केली आणि मला आणलं.

पहिल्या पावसाळ्यात मी काय पळालो, विचारू नका. टेम्पोवाला चहा संपवायच्या आत कॅन त्याच्यापुढं! बाळासो तर माझ्यावर असा खूष की खंडेनवमीला, हत्यारं-अवजारं पुजतात त्या दिवशी, त्यानं मला न्हाऊमाखू घातलं. माझी टाकी वेगळी, ती होडीत ठेवून नळीनं मला जोडतात; ती पुसताना त्याला झाकणातून पेट्रोलचा वास आला.

"आयला, हितनं पेट्रोल उडून चाललंय की!" म्हणाला, आणि भिंतीच्या भेगांत भरतात ती लांबी त्या भोकात दाबून बसवली. वर लालभडक ऑइलपेंट, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. लेकराला नटवावं तसं मला नटवलं त्यानं, आणि नटवता नटवता माझं नाकच बुजवलं.

पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी आलं आणि माझी शोभा झाली. काठावर सुरू झालो वाघासारखा. होडीत कॅन भरले, बाळासोनं जोर दिला, मध्यापर्यंत गेलो आणि कुणीतरी नरडं दाबल्यागत झालं. पेट्रोल पुढं येईना. नळीवरचा रबरी फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला. फर्र, फर्र... बंद! बाळासोनं टाकीचं झाकण उघडून आत बघितलं.

"पेट्रोल तर हाय की! मग काय धाड भरली ह्येला?"

झाकण लावलं, दोरी ओढली, मी सुरू. थोडं गेलो, पुन्हा तेच. पलीकडं पोचलो तोवर टेम्पो गेलेला. कॅनमधलं दूध नासलं. बायका परत आलेले कॅन ओतून देताना एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्या माझ्याकडं बघत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असं वरचेवर व्हायला लागलं. संघानं निरोप पाठवला: आणखी एकदा दूध चुकलं की तुमच्यासाठी टेम्पो थांबणार नाही. गावाचं दूध बंद म्हणजे त्या बायकांच्या हातातलं सगळंच बंद.

मग गुंडू मिस्त्री आला. त्यानं मला पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि दोरी ओढली. मी लगेच सुरू! प्लग बदलले, पुन्हा पिंपात. झकास! कार्बोरेटर धुतला, पंख्यात अडकलेली जलपर्णी काढली, पुन्हा पिंपात. झकास! अरे बाबा, पिंपात माझ्यावर बोजा आहे कुठं? घोटभर पेट्रोलवर मी तिथं कितीही वेळ गुरगुरेन. आरशापुढं शड्डू ठोकून कुणी कुस्ती जिंकतं का? मला भरली होडी द्या, धार द्या, मग माझं दुखणं दिसेल. मी आतल्या आत नुसता तडफडत होतो.

शेवटी गुंडूनं हात पुसले. "इंजनाला काय झाल्यालं न्हाय. म्हातारं झालंय ते. बोजा झेपत न्हाय त्येला. भंगारात घाला."

म्हातारं! समुद्र तुडवून आलेल्या मला! असा राग आला होता म्हणून सांगू.

बाळासोनं मान खाली घातली. आक्का मात्र म्हणाली, "उद्याच्याला म्या बसतो होडीत. बघू तरी कसं करतंय ते." आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी बसतो, मी जातो.

दुसऱ्या दिवशी ती कॅनमध्ये, टाकीला टेकून बसली. नदीला जोरात धार होती. मध्यावर आलो आणि माझा दम तुटला. होडी धारेबरोबर बंधाऱ्याकडं सरकायला लागली. बंधाऱ्यावरून पाणी धो धो कोसळत होतं. बाळासोच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं झाकण उघडलं. सुस्स!

"बाळ्या, ह्यो आवाज कशाचा?"

"कुठला गं आक्का?"

"झाकान काढलंस तवा आला. टाकीनं श्वास वडल्यागत."

बाळासोनं झाकण लावून मला सुरू केलं. थोडं पुढं गेलो आणि पुन्हा बंद. आता आक्कानं स्वतःच झाकण फिरवलं. सुस्स!

"आरं, त्येलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर त्येल येतंय का? वारा आत जायला दुसरं पाडाय लागतंय की! ह्या टाकीचं दुसरं भोक कुठं हाय?"

बाळासोनं झाकणावरच्या लाल रंगावर बोट टेकवलं.

"आक्का... ते म्याच बुजिवलं की गं. लांबी घालून."

"मुडद्या!" आक्का ओरडली. "झाकान ढिलं ठेव आन् मार जोर!"

झाकण ढिलं झालं, वारा आत शिरला, पेट्रोल धावत आलं. मी असा गरजलो की पलीकडच्या टेम्पोवाल्यानं चालू केलेली गाडी बंद केली. त्या दिवशीचा एकही कॅन परत आला नाही. गुंडू मिस्त्री दिसला की मी मुद्दाम जास्त धूर सोडायचो.

तेव्हापासून दर खंडेनवमीला माझ्या पूजेआधी आक्का यायची, बांगडीत अडकवलेली पिन काढून त्या भोकात फिरवायची आणि बाळासोला विचारायची, "नाक मोकळं हाय न्हवं?" मगच कुंकू. पुढं पूल झाला, माझं काम संपलं, मी ह्या घोड्यावर चढलो. तरी ती येत राहिली. गेल्या दसऱ्याला मात्र तिचे गुडघे धरले होते. ती आली नाही, आणि पोरांनी रंग मारला.

आला! बाळासो आला! टाकीत पेट्रोल ओतलं, झाकण घट्ट लावलं. मला खांद्यावर घेऊन होडीला जोडलं, फुगा दाबला. लोक ओरडताहेत, "चल, बाळासो, पाणी वाढाय लागलंय!" त्यानं दोरी हातात घेतली. जन्मात पहिल्यांदा वाटतंय, सुरू होऊ नये.

बाळासो थांबला. इकडं तिकडं बघतोय. काहीतरी चुकल्यासारखं त्याचं तोंड झालंय.

"नाक..." तो पुटपुटला. "नाक बघितलं का रं कुणी?"

कुणाला काही कळलं नाही. त्यानं झाकणावरून बोट फिरवलं, नखानं रंग खरवडला आणि पोरांना अशी शिवी हासडली की मी इथं सांगत नाही. माझ्या गळ्यात दसऱ्याचा प्लॅस्टिकच्या फुलांचा हार तसाच होता. त्याची तार उपसून त्यानं भोकात घातली. वारा लागला हो मला!

आता आम्ही पाण्यात आहोत. नदी तांबडी गढूळ आहे, धार जबर आहे. तुम्हाला एवढंच मागणं आहे: मला रंग मारा, हार घाला, काय हौस करायची ती करा, पण तेवढं भोक सोडून. आणि पिंपात घालून माझी पारख करू नका.

मध्य आला. हीच ती जागा. फुगा टणक आहे. मी पळतोय.

पलीकडं मळ्याच्या बांधावर आक्का उभी आहे, हातात म्हशीचं दावं. आम्ही दिसताच पाण्याच्या वरताण आवाजात ओरडली, "बाळ्या, नाक बघितलंस काय रं?"

"व्हय आक्का, बघितलं!" बाळासो ओरडला, आणि रडायलाच लागला गडी.

आता मला बोलायला सवड नाही. आक्काला घेऊन परत जायचंय, आणि म्हशी पोहत मागून आणायच्या म्हणून ती आत्तापासूनच भांडायला लागली आहे. येताना चांगलाच बोजा आहे.