थापट्यांची नोंद

रंगाच्या कारखान्यात त्याला तोंडावर 'धाकटे मालक' म्हणत आणि पाठीमागे 'पाखरूशेठ'. त्याला दोन्ही ठाऊक होतं, आणि दुसऱ्या नावाचा मनातून अभिमानच होता. थोरला भाऊ माल विकायचा, हा करून घ्यायचा. सहा दिवस पिंपं, वाफेच्या नळ्या, कामगारांच्या पाळ्या. सातव्या दिवशी मात्र उजाडता उजाडता गळ्यात दुर्बीण अडकवून स्वारी कारखान्याखालच्या पाणथळीवर हजर. सत्तावीस वर्षांत एक आठवडा चुकला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, हे बायको अजून चारचौघांत ऐकवायची.

पक्ष्यांचं शिक्षण असं त्याचं काहीच नव्हतं. तरी विद्यापीठातल्या पक्षितज्ज्ञ बाई त्याच्या वह्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. कारण तो दिसलं तेवढंच लिहायचा. शंका असली की जागा कोरी सोडायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला थापट्या बदकं मेलेली दिसली. आधी पाच-सात. लव्हाळ्यात शिरला तर खच पडलेला, फावड्यासारख्या चोची चिखलात रुतलेल्या. त्याने एकेक मोजली. दोनशे बारा भरली. नाल्याच्या तोंडाशी पाण्यावर निळसर तवंग होता. तो निळा त्याच्या ओळखीचा होता.

चिखलाच्या बुटांनिशी तो थोरल्याच्या खोलीत गेला.

"सांडपाण्याच्या टाकीचा पंप बसलाय," थोरला म्हणाला. "दहा दिवस झाले. नवा येतोय."

"आणि पाणी?"

"पाणी कुठे जाणार? खाली." थोरल्याने खणातून एक कागद काढून पुढे सरकवला. पंप बदलून मागणारा सहा महिन्यांपूर्वीचा अर्ज होता. कोपऱ्यात धाकट्याच्याच अक्षरात शेरा होता : तूर्त चालू द्या, पुढे बघू.

त्याला तो लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

"मी तुला बोल लावत नाही," थोरला म्हणाला. "पण तपासणीला माणूस येणार, आणि तो तुलाच विचारणार. टाळं लागलं तर तीनशे घरांच्या चुली विझतील. बघ बाबा."

तिसऱ्या दिवशी तपासनीस आला. कोवळा पोरगेलासा माणूस, नाकाला रुमाल लावलेला. "सर, पाखरांतलं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "तुमचे लेख मात्र वाचलेत. तुम्ही सांगाल ते लिहितो."

"पाणी आटलं की चिखलात विष तयार होतं," धाकटा म्हणाला. "बदकांचा रोग आहे. अधूनमधून होतं असं."

आवाज नेहमीसारखाच शांत निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं. तपासनिसाने लिहून घेतलं. बाटलीभर पाणीसुद्धा नेलं नाही.

लव्हाळं कापून चटया विणणारा एक जण विळा घेऊन बाजूला उभा होता. वर्षानुवर्षांची ओळख, पक्ष्यांची घरटी तोच दाखवायचा. त्याने विचारलं, "मालक, मग मी उतरू ना पाण्यात?"

तपासनीस अजून चार पावलांवरच होता.

"उतर की. पाखरांचा रोग तो, माणसाला काही होत नाही."

घरी जाऊन त्याने वहीत तेच लिहिलं. कोरी जागा सोडली नाही.

नवा पंप चार दिवसांत चालू झाला. पाणथळीवर पुन्हा लांब पायांचे शेकाटे पक्षी दिसू लागले, तोही मोजू लागला. दोन महिन्यांनी कारखान्याच्या फाटकाशी चटईवाल्याची बायको काम मागायला आली. विळ्याची साधी जखम, ती म्हणाली, पाण्यात चिघळली आणि हिरवी-निळी होत वर चढली. डॉक्टरांनी पाय गुडघ्यातून काढला.

तिला त्याने त्याच दिवशी कामावर घेतलं. मग बसून दोन पत्रं लिहिली, एक तपासणी कचेरीला आणि एक बाईंना. टपालात टाकली आणि मगच थोरल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोघांचे डबे वेगवेगळ्या खोल्यांत उघडू लागले.

कचेरीचं उत्तर दोन ओळींचं होतं : पंप चालू आहे, प्रकरण निकाली निघाले आहे. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'तुम्ही खरं कळवलंत, आभारी आहे. पण आता तुमची कुठली नोंद खरी धरायची, हे मला ठरवता येत नाही. सगळ्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी विद्यापीठाच्या पक्षियादीतून काढत आहे.'

तो ते दारातच उभ्याने वाचत राहिला. बायकोने आतून विचारलं, "काय हो, कोणी गेलं का?"

"नाही," तो म्हणाला.

चटईवाल्याकडे जायला त्याने आणखी आठवडा लावला. खोली एकच, भिंतीशी लव्हाळ्याच्या पेंढ्या उभ्या. चटईवाला जमिनीवर बसून विणत होता. धाकट्याने आडपडदा न ठेवता त्याला सगळं सांगितलं. पंप, शेरा, तपासनीस.

चटईवाल्याचे हात थांबले नाहीत. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही काठावरच उभे होतात. एरवी तुम्ही कमरेइतक्या पाण्यात जाणारे."

"मग तू का उतरलास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

तो उठू लागला, तेव्हा चटईवाल्याने न बघता चटईची एक कड त्याच्याकडे सरकवली. "धरा जरा. पाय देऊन ओढायची सवय होती, आता जमत नाही."

तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी कड धरली. चटईवाल्याने ओढली, तशी लव्हाळ्याची धार त्याच्या तळव्यात रुतली. चटई संपायला बराच वेळ होता.