मागच्या पॅडलचे रबर

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. माझी घंटा उगाच वाजवणारे तुम्हीच, टायरची हवा सोडणारेही तुम्हीच, आणि वर माझी कहाणी ऐकायला मांडी घालून बसणारेही तुम्हीच. तेव्हा गुपचूप ऐका.

एका वेल्डरने दोन सायकली कापून मला बनवले. मला सीटा दोन आणि पॅडलच्या जोड्याही दोन, पण हँडल वळते ते पुढचे आणि ब्रेकही तिथेच. मागच्याने फक्त पाय मारायचे. दोन्ही जोड्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यामुळे एकाने जोर लावला की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात. एवढे तरी लक्षात ठेवा.

मला विकत घेतले चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने. साहेब पुढे बसत, त्यांच्या बाई मागे. पावसाळा आणि थंडी मी जिन्याखाली रंगाचे डबे अंगावर घेऊन काढायचे. उन्हाळा आला की साहेबांना व्यायामाची आठवण व्हायची. मग दर रविवारी सकाळी वाटेतली टेकडी ओलांडून आम्ही बेरीच्या मळ्यांकडे निघायचो. तिथे मळेवाले रस्त्याच्या कडेला टेबल मांडून बसतात. वर छत्री, समोर स्ट्रॉबेरी आणि तुतीचे खोके, त्यांवर ओले फडके. आम्हाला पाहून लोक हात हलवत आणि साहेब ऐटीत मान डोलावत. बाईंना मात्र सगळ्या रस्त्यात एकच देखावा दिसे, साहेबांच्या शर्टाची पाठ. ती चढावरसुद्धा कोरडी असे.

चढ लागला की साहेब ओरडत, "मागे बसून नुसते पाय फिरवतेस का? जरा जोर लाव."

"लावतेय हो," बाई धापा टाकत म्हणत.

मळ्यावर पोचल्यावर साहेब हसत सांगत, "हिला ओढत आणतो मी." मला त्या माणसाचा मनस्वी राग होता. मी संतापून करकरायचे, तर ते म्हणायचे, गंज चढलाय. तेल मात्र कधी घातले नाही.

बाईंचे मागणे एवढेसे होते. "एकदा मला पुढे बसू द्या ना. रस्ता तरी दिसेल."

"तुला झेपायचं नाही." दर उन्हाळ्यात हेच उत्तर.

यंदा एका रविवारी बाई तुतीचा खोका कॅरियरला बांधत होत्या. चार तुती माझ्याखाली सांडल्या. त्या उचलायला बाई खाली बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. मागच्या पॅडलचे रबर पार झिजून लोखंड उघडे पडले होते. पुढच्या पॅडलच्या रबरावर कंपनीची अक्षरे अजून वाचता येत होती. बाईंनी त्यांवरून बोट फिरवले.

"काय झालं ताई?" मळेवालीने विचारले.

"काही नाही. पाना असेल तर द्या जरा."

बाईंनी पुढची सीट आपल्या उंचीला खाली घेतली. साहेब पलीकडे फुकटची स्ट्रॉबेरी चाखत होते. "हे काय चाललंय?"

"तुमचं पॅडल बघा. मग माझं बघा."

साहेबांनी पाहिले. "माझा पाय हलका आहे," ते म्हणाले. मळेवाली तोंड फिरवून हसली.

बाई पुढे बसल्या. मागे बसणे किंवा उन्हातून पायी जाणे, एवढेच साहेबांच्या हातात होते. ते फुरंगटून मागे बसले. आम्ही निघालो, आणि वेग नेहमीचाच होता. मला हसू आवरेना.

टेकडीच्या निम्म्या चढावर बाईंनी जोर लावायचे थांबवले. मी जागच्या जागी उभी राहिले. साहेबांनी पाय टेकला म्हणून आम्ही पडलो नाही.

बाई मागे न बघता म्हणाल्या, "मागे बसून नुसते पाय फिरवताय का?"

बऱ्याच वेळाने मागच्या पॅडलवर साहेबांचे वजन आले, पहिल्यांदाच.

"लोखंड टोचतंय," साहेब म्हणाले.

"हो, टोचतं," बाई म्हणाल्या. त्या समोरचा रस्ता बघत होत्या.

तर मित्रांनो, सायकलची काळजी घ्या. साखळीला तेल घाला, पावसाळाभर तिला जिन्याखाली टाकून देऊ नका, घंटेला हात लावू नका, आणि रबर झिजले तर लगेच बदला. आमच्याकडचे बाईंनी अजून बदललेले नाही. मागे आता साहेब बसतात.