वाळूतली अकरा लिंबं

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. आहे म्हणावं की होते म्हणावं, हे आज दिवस मावळेपर्यंत ठरेल. माझं झाकण गेलं, चारी बाजू गेल्या. उरलाय तो तळ. तो भट्टीला टेकून ठेवलेला आहे आणि दाराशी कुऱ्हाड आहे. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते.

वख्श नदीच्या खोऱ्यात नियामत बाबांनी लिंबांसाठी खंदक खणला, तेव्हा वाटेत तुतीचं एक झाड आलं. ते तोडताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. त्याच झाडाच्या फळ्यांची मी झाले. आमच्या मुलखात लिंबू उघड्यावर जगत नाही. दोन पुरुष खोल खंदकात झाडं लावायची, हिवाळ्यात वरून काचा घालायच्या आणि थंडी फारच चढली की आत भट्टी पेटवायची. अशी चाळीस झाडं बाबांनी लेकरांसारखी वाढवली. त्यांची फळं वसंतापर्यंत सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

त्या कामाला शिस्त होती. नदीची वाळू लोखंडी कढईत खडखडीत भाजून घ्यायची. लिंबू ओढून तोडायचं नाही, कात्रीने कापायचं आणि देठाचं बोंड तसंच ठेवायचं. धुवायचं नाही. कोरड्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून, देठ खाली करून वाळूत असं बसवायचं की एकाचं अंग दुसऱ्याला लागता कामा नये. जागा तळघरातली, थंड आणि अंधारी. सफरचंदं जवळ फिरकू द्यायची नाहीत, त्यांच्या शेजाराने लिंबू लवकर बिघडतं. आणि दर शुक्रवारी एकेकाला हात लावून बघायचं.

हे शुक्रवारचं काम बाबांच्या बायकोचं, गुलंदामचं. गावच्या मशिदीतले म्हातारे हाफिज उपदेश गाऊन सांगत, आणि गुलंदामला त्यांची कडवीच्या कडवी पाठ होती. माझ्यापाशी मांडी घालून ती गात गात लिंबं दाबून पाही. ‘वरचं तेज साऱ्यांना दिसतं रे, मालक दाबून आतलं बघतो’ हे कडवं आलं की तिचा आवाज भरून येई आणि माझ्या फळ्याही आतून गुणगुणत. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

माझं कौतुकही फार व्हायचं. कुणाचा घसा बसला की माझं झाकण उघडे. कढत चहात एक चकती आणि चमचाभर मध घेतला की माणूस बोलता होई. चहाचं पाणी उकळायच्या समोवारच्या पोटात साठलेला चुन्याचा थर लिंबाच्या पाण्याने सुटे. मेंढीचं मांस कापलेल्या हातांचा वास फोड चोळली की जाई. तांब्याची परात मीठ-लिंबाने सोन्यासारखी होई. पिळलेली सालंसुद्धा वाळवून लोकरी कपड्यांच्या पेटाऱ्यात जात. कापलेलं अर्धं लिंबू उरलं तर बशीतल्या साखरेवर पालथं ठेवायचं, हेही गावाला गुलंदामनेच शिकवलं. नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, माझ्यातलं लिंबू निघालं की पाहुणे म्हणत, “हे काय कालच उतरवलं?”

मग बाबा गेले. मुलगा कामासाठी दूर रशियात गेला. घरात उरल्या गुलंदाम आणि तिची सून सओदत. आणि यंदाचा चिल्ला आला.

चिल्ला म्हणजे आमच्याकडचे कडाक्याचे चाळीस दिवस. यंदा पहिल्याच आठवड्यात चिमण्या दिसेनाशा झाल्या. कालव्याचं पाणी दाताखाली खडा यावा तसं कुरकुरू लागलं. कुत्रं भट्टीपासून हलेना. घाट बर्फाने बंद झाला आणि कोळशाची गाडी पलीकडेच अडकली. एका पहाटे काचेला तडा गेला, आणि त्याखालच्या फांद्यांवरची अकरा लिंबं गोठली.

सओदतने ती टोपलीत आणली. “ओचा,” ती सासूला आई म्हणूनच हाक मारते, “ही दिसायला चांगली आहेत, पण आतून गेलीत. आजच पिळून टाका, नाहीतर फेकून द्या. पेटीत मात्र घालू नका.”

“बाबांच्या झाडाची फळं फेकू? जीभ झडेल तुझी, केलिन!” सुनेला केलिनच म्हणतात इथे. “साखर असती तर मुरवली असती.”

“साखर नाही, कोळसा नाही, आणि तुम्हाला अकरा लिंबांचं पडलंय!” असं म्हणत सओदत खंदकाकडे धावली.

आमच्या लोकांत अन्न टाकणं हे मोठं पाप. रस्त्यावरचा भाकरीचा तुकडासुद्धा उचलून उंचावर ठेवतात. गुलंदामने त्याच भक्तीने अकराही लिंबं पुसली, कागदात गुंडाळली आणि माझ्या वाळूत बसवली. शिवाय, बाकीची गोठू नयेत म्हणून, मला तळघरातून ओढत आणून शेगडीपाशी ठेवलं.

मित्रांनो, लाकडाला वास कळतो, बोलता येत नाही. चौथ्या दिवशी पहिलं लिंबू मऊ पडलं. सहाव्या दिवशी त्याचा रस वाळूत उतरला आणि माझी भाजलेली वाळू ओली झाली. मग उबेत हिरवी बुरशी एका कागदातून दुसऱ्या कागदात सरकत गेली, चोर भिंतीला धरून सरकतो तशी. पहिला शुक्रवार आला. दोघी काचांवर चटया टाकत होत्या. दुसरा शुक्रवार आला. दोघी भट्टीपाशी होत्या. मी वाट बघत राहिले. हात आलाच नाही.

आणि याच दिवसांत सगळी आशा माझ्यावर येऊन बसली. शेजारच्या हमराकुल अमकांच्या, म्हणजे काकांच्या, घरी लेकीचं लग्न होतं. ते म्हणाले, “सओदत, माझ्याकडे जळणासाठी पऱ्हाट्यांची अख्खी गाडी आहे. तुझ्या भट्टीला चिल्ला संपेपर्यंत पुरेल. मला दीडशे लिंबं दे. लग्नात जेवणाच्या दस्तरखानवर लिंबू नसलं तर व्याही जन्मभर टोमणे मारतील.”

“पेटीत दीडशेच्या वर आहेत, अमक,” सओदत हसली. किती दिवसांनी हसली! “गुरुवारी या.”

गुरुवारी दुपारी कापसाच्या पऱ्हाट्यांनी लादलेली गाडी दारात उभी राहिली. सओदतने माझं झाकण उचललं.

आधी वास बाहेर आला. तिने एक कागद उलगडला, दुसरा उलगडला, दहावा उलगडला. हिरवी भुकटी तिच्या बोटांना चिकटली.

हमराकुल अमकांनी टोपी काढून पुन्हा घातली. “पोरी, हे मी व्याह्यांपुढे ठेवू? मला ही गाडी आता दुसऱ्या खंदकवाल्याकडे न्यावी लागेल. लग्न रविवारी आहे गं.” गाडी वळवता वळवता त्यांनी दोन भारे दाराशी उतरवले. त्यांचं त्यांनाच ते कमी वाटलं असावं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सओदतने नजर वर उचलली. गुलंदाम आधीच उभी होती.

“मीच घातली ती अकरा,” म्हातारी म्हणाली. “आयुष्यभर गात राहिले की आतलं बघावं. आणि स्वतः वरचं तेज बघून भुलले.”

सओदत रागावेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, “भारे उद्या सकाळपर्यंत पुरतील, ओचा. पुढे?”

गुलंदामने कुऱ्हाड आणली. तिने माझ्यावर हात फिरवला, जसा ती लिंबावर फिरवी. “त्यांनी झाडांसाठी तुला केलं,” ती मला म्हणाली, “झाडांसाठीच जा.” पहिला घाव तिनेच घातला. तुती चांगली जळते, मित्रांनो. माझ्या झाकणाने एक रात्र दिली, बाजूंनी दोन. नऊ झाडं काळी पडली, एकतीस अजून हिरवी आहेत.

त्या नासाडीतून सदतीस लिंबं धड निघाली. कोरडी पुसून, दूर दूर, ती तळघरात ताटात मांडली आहेत. गुलंदाम आता शुक्रवारची वाट बघत नाही, रोज सकाळी एकेक दाबून बघते. गात मात्र नाही.

चिल्ल्याचे दोन दिवस उरले आहेत. आभाळ आज पुन्हा निरभ्र आहे, म्हणजे रात्री कडाका पडणार, आणि आमच्याकडे निरभ्र आभाळाइतकं भय कशाचंच नसतं. आत्ताच सओदत येऊन मला उलटंसुलटं करून बघून गेली. तिने मला परत ठेवलं आणि कुऱ्हाड थोडी जवळ ओढली.

मला जळण्याचं दुःख नाही. जिथून आले तिथेच, त्याच खंदकात, त्याच झाडांना ऊब देत जाईन. दुःख त्या दोन शुक्रवारांचं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात लिंबं असतील, ती जपून ठेवा, कोरडी ठेवा, आणि ठेवून विसरू नका. नासलेलं एक मायेपोटी आत राहू देऊ नका. आणि आज, आत्ता, एकदा हात लावून बघा. पावलं वाजताहेत. बहुतेक सओदत येते आहे.