दोन बोटं

“लीला, जेवताना तोंड उघडायचं ते घासापुरतं. बोललीस तर ताट सोडून उठायचं.” मौनभोजनाचं व्रत देताना सासूबाईंनी बजावलं होतं. त्या गेल्या, व्रत राहिलं.

त्या दिवाळीत आम्ही दोघं पुण्याहून रत्नागिरीला माझ्या माहेरी आलो होतो. रोज कुणाकडे फराळ, नाहीतर घरीच पाहुणे. उद्या परतीची एसटी. सकाळी पडवीत हे हळूच म्हणाले, “लग्न झाल्यापासून येतोय, पण तुझ्याबरोबर समुद्र काही बघितला नाही.”

“आज दुपारी भाट्याला जाऊ. दोघंच.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं.

दुपारी पानं वाढली, माझं मौन सुरू झालं आणि बाबांनी जाहीर केलं, “आज सगळे हेदवीच्या गणपतीला. बाबल्याची जीप सांगतो. लीला काय, देवाला नको म्हणायची नाही.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. या घरात त्यांनी आजवर कशालाच नको म्हटलेलं नाही, चौथ्या लाडवालासुद्धा.

मी ह्यांच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि दोन बोटं वर केली.

“दोन घावन हवेत तिला.” आईने वाढलेसुद्धा.

मी मान हलवून पुन्हा दोन बोटं दाखवली.

“दोन वाजता निघू म्हणत्ये,” बाबा म्हणाले. “बरोबर आहे, हेदवी काय जवळ नाही.”

मी हाताने लाटा करून दाखवल्या.

“नारळाचा रस पातळ झालाय होय गो?” आई हिरमुसली.

बाबा हात धुवून फोनकडे निघाले. ताट सोडायचंच, असं ठरवून मी घसा खाकरला. तेवढ्यात हे म्हणाले, “बाबा, फोन नको. आज आम्ही दोघंच समुद्रावर जाणार आहोत. ती तेच सांगत्ये.”

आईच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला. बाबा खुर्चीत बसले. “मग इतकी वर्षं बोलायला काय झालं होतं, विनीतराव? मौन तिचं की तुमचं?”

“जा हो, जाऊन या,” आई म्हणाली. “पण चहा घेऊन. चकल्या देत्ये बांधून. आणि शेजारच्या गोदाला हाक मारत्ये, तीही कधीची...”

“अगो,” बाबा म्हणाले, “दोघंच.”

जेवणं आटोपली. बाबा झोपाळ्यावर पेंगले, आई माजघरात आडवी झाली. चहापर्यंत थांबलो असतो तर गोदाकाकू आल्याच असत्या. मी मनातल्या मनात गणपतीची क्षमा मागितली, दोघांच्या चपला हातात घेतल्या आणि पडवीच्या दाराची कडी आवाज न करता काढली.