देवीचा एका बाजूचा श्वास

"भुताळीन हाय! देवीनं अर्धं नाव काढलंय, आज पुरं निघंल!"

ही आरोळी ऐकून हरसूलच्या बाजारात माणसं भाजीचे ढीग तसेच टाकून धावली होती. मधे ताम्रानंद महाराज. पुढ्यात भगव्या कापडात गुंडाळलेली काचेची पेटी, तीत तपकिरी 'तीर्थ', आणि खाली विस्तव नसताना त्याला बुडबुडे!

"हा देवीचा श्वास!" बुवा डोळे फिरवत म्हणाला. "कोरी तांब्याची पाटी सोडा, पापिणीचं नाव आपसूक उमटतं!" शेजारी शिष्य जीव खाऊन ढोल बडवत होता.

मागच्या बाजारी 'चतु' एवढंच उमटलं होतं. गावात दोन बैल मेले होते, आणि चतुराबाई एकटी, विधवा, वर तोंडावर बोलणारी. मग काय, पुरावा झालाच की! उरलेली अक्षरं निघाली की तिला गावातून हाकलायचं ठरलं होतं. तिची लेक पायल नाशकात मी शिकवते त्या कॉलेजात आहे. तिनं रडत रडत त्या पाटीचा फोटो मला दाखवला.

फोटो पाहून मला हसूच फुटलं. डावीकडे अक्षरांभोवतीचं तांबं साफ विरघळलेलं, उजवीकडचं जसंच्या तसं. अहो, आमची पहिल्या वर्षाची पोरं घरी सर्किट बोर्ड करताना हाच घोळ घालतात! जेवढं तांबं राखायचं त्यावर लेप द्यायचा आणि बोर्ड तपकिरी फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळून जातं. द्रव ढवळत राहावा म्हणून माशांच्या टाकीचा पंप लावतात. पण नळी एका कोपऱ्यात टाकली, की तेवढीच बाजू लवकर होते.

आज मी गर्दीत घुसले. "महाराज, देवीला एकाच बाजूनं श्वास येतो. दमा आहे का तिला?"

शिष्य ढोल वाजवायचा थांबला आणि बुवाच्या आसनाखालची पंपाची गुरगुर सगळ्यांना ऐकू आली. मी कापड ओढलं, पंपाची नळी उपसली आणि तिला माझी जोडली. टोक बंद केलेली, लांबीभर टाचणीनं भोकं पाडलेली. ती तळाशी आडवी ठेवताच पेटीभर सारखे बुडबुडे उठले.

"आता ही माझी कोरी पाटी सोडा."

"अशुद्ध हाताची चालत नाय!"

"सोडा की," चतुराबाई पुढे आली. "माझं नाव निघायचं तर कोन्त्या बी पाटीवर निघंल."

शंभर मोबाइल वर झालेले. बुवा नाही कसं म्हणणार? थोड्या वेळानं पाटी बाहेर काढली. त्यावर स्वच्छ अक्षरांत, शेवटच्या अक्षरापर्यंत: ताम्रानंद.

"आरं, बुवाच भुताळा हाय!" ज्याचे बैल मेले तो धोंडीराम ओरडला. त्याच्या हातात दगड होता. "हाणा त्याला!"

माझं डोकंच फिरलं. "अरे अकलेच्या कांद्यांनो! ते नाव मी लिहिलंय! काल, घरी, बिनरंगी नेलपॉलिशनं! त्यानं चतुराबाईचं लिहिलं, मी त्याचं लिहिलं. उद्या कोणी तुमचं लिहील, मग कुठं पळाल? नाव उमटलं की आधी ते लिहिलं कोणी, ते विचारा. भुताळीण नसते आणि भुताळाही नसतो. हा नुसता लबाड आहे, त्याला पोलिसांकडे द्या."

चतुराबाई धोंडीरामसमोर जाऊन उभी राहिली.

"धोंडीराम, ह्यो दगड घरनंच आनला व्हतास ना? माझ्यासाठी?"

त्यानं मान खाली घातली. दगड हातातून सुटला.

"बैल मेले तवा गुरांच्या डाक्टरला कुनी बोलावलं का?" तिनं विचारलं. "नाय ना? आता तरी बोलवा. तुझ्या गोठ्यात अजून चार हायत."